कॅन्टीनला जाणारा माजी सैनिक कल्याण कार्यालयात का जात नाही?

ग्वाल्हेरात माजी सैनिकांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "फौजी माणूस आहे, कुणापुढे हात पसरणार नाही." बोलणाऱ्याच्या मनात आदरच असतो. पण या आदरातून फार सोयीचा निष्कर्ष निघतो. योजना आहेत, निधी आहे, कार्यालय आहे, तिथे खुर्चीवर माणूसही बसलेला आहे; तरी तो येत नाही, म्हणजे त्याचा बाणाच आडवा येतो. चूक कुणाचीच नाही. ज्यांना हे पटत नाही ते दुसरं कारण सांगतात, की बिचाऱ्यांना माहितीच नसते. मग शिबिर भरतं, पत्रकं वाटली जातात, हार-तुरे होतात आणि पुढच्या वर्षी तीच चर्चा पुन्हा सुरू होते.

मी बँकेत नोकरी केली आणि तिचा मोठा काळ पेन्शनच्या खिडकीमागे काढला. निवृत्तीनंतरही आमच्या लश्कर भागातले लोक कागद घेऊन घरी येतात. या अनुभवावरून सांगतो, ही दोन्ही कारणं अपुरी आहेत. मुरार छावणीच्या कॅन्टीनबाहेरची, म्हणजे सैनिकांना सवलतीत सामान देणाऱ्या दुकानाबाहेरची, रांग बघा. ऑनररी कॅप्टन असो की शिपाई, हातात पिशवी आणि स्मार्ट कार्ड घेऊन सगळे उभे असतात. भिंड-मुरैनाच्या खेड्यांतून पहाटेची बस धरून आलेले असतात. कुणाचा स्वाभिमान आडवा येत नाही आणि माहिती नाही असंही कुणी म्हणत नाही. कोणत्या महिन्यात कुठला फ्रिज आला हे त्यांना तोंडपाठ असतं. याच रांगेतल्या कित्येकांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा उंबरा ओलांडलेला नाही. कित्येकांचं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड कपाटात पडून आहे आणि दुखणं अंगावर. कित्येकांनी अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज कधी केलाच नाही.

कॅन्टीनमध्ये कार्ड दाखवलं की काम झालं. साखर कशाला हवी, घरात किती आहे, नसल्याचा दाखला आणलात का, असं कुणी विचारत नाही. हवालदाराला मिळते तशीच ती सुभेदाराला मिळते. जे हक्काचं म्हणून समोर ठेवलं जातं ते सैनिक निःसंकोच घेतो. पण जिथे आपलं दुखणं, आपली ओढाताण, आपलं लग्न, आपलं जिवंत असणंसुद्धा पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागतं, तिथून तो पाय मागे घेतो. त्याच्या स्वभावाला नावं ठेवण्याआधी आपण त्याच्यासमोर काय मांडून ठेवलं आहे ते पाहायला हवं.

हे ग्वाल्हेरातून लिहिताना जास्त लागतं. आमचा लश्कर भाग १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या तळावर उभा राहिला. इथल्या मराठी घराण्यांपैकी बरीचशी शिलेदार, बारगीर, कारकून म्हणून शिंद्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत आली आणि इथलीच झाली. संस्थानी पायदळाची एक पलटण स्वातंत्र्यानंतर कुमाऊँ रेजिमेंटमध्ये सामील झाली आणि तिच्या नावात ग्वाल्हेर राहिलं. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर मारा करणारी मिराज विमानं आमच्या महाराजपुऱ्याच्या हवाई तळाची, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटसाठी उडाली तीही इथूनच. शहराला याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण आकाशातल्या विमानाचा आवाज ऐकून ज्या शहराची छाती फुगते, त्या शहरात शेजारच्या घरातल्या निवृत्त नायकाचा कान गेलाय हे कुणाला ठाऊक नसावं, हे मला सहन होत नाही.

आधी फौजेतलं आयुष्य कसं असतं ते पाहू. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा भरती होतो. त्या दिवसापासून त्याचे कागद त्याच्या हातात नसतात. लग्न झालं की कंपनी ऑफिसात सांगायचं, क्लार्क पार्ट टू ऑर्डर काढतो, म्हणजे त्याच्या फौजी नोंदीत ते चढवतो. मूल झालं, पार्ट टू ऑर्डर. सुट्टीला रेल्वेचं वॉरंट तयार मिळतं. अंगात ताप असेल तर सकाळी सिक रिपोर्ट. डॉक्टर पलटणीतच असतो. पगार, बढती, कपडे, बूट, रेशन, यातलं काहीही त्याला अर्ज-विनंत्या करून मिळवावं लागत नाही. त्याच्या वाट्याचं काम त्यानं चोख करायचं, बाकीचं पलटण बघते. पंधरा-सतरा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ असा गेला की पस्तीस-चाळिशीच्या आसपास तो एक डिस्चार्ज बुक, एक ट्रंक आणि निरोपाच्या बडाखान्याची, पलटणीच्या एकत्र जेवणाची, आठवण घेऊन घरी येतो. आमच्यातला एखादा शाळामास्तर किंवा पोस्टातला कारकून त्या वयापर्यंत सरकारी कागदांशी झगडून पक्का झालेला असतो. फौजीसाठी मात्र ही लढाई अगदी नवी असते आणि तिचं प्रशिक्षण त्याला कुणीही दिलेलं नसतं.

आता त्याच्यासमोरच्या खिडक्या मोजा. त्याची मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसात : महार रेजिमेंटचा असेल तर सागरला, सिग्नल्सचा असेल तर जबलपूरला, कुमाऊँचा असेल तर रानीखेतला, मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर थेट बेळगावला. पेन्शनची मंजुरी प्रयागराजची. आधी पेन्शन आमच्यासारख्या बँकांमधून जात होती, आता 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून जाते. तिथे लॉगिन, मोबाइल नंबर, ओटीपी, आधारशी जुळणी आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला. उपचारांसाठी पॉलिक्लिनिक वेगळं. शिष्यवृत्ती, मुलीच्या लग्नाची मदत वगैरेंसाठी जिल्हा सैनिक कार्यालय वेगळं, आणि त्यांच्या अर्जांचं संकेतस्थळही वेगळं. या प्रत्येकाजवळ त्याची माहिती आहे, पण एकाची दुसऱ्याशी गाठ नाही. ती गाठ घालायची जबाबदारी मात्र त्या एकट्या माणसाची.

नावांचा घोळ तर मी खिडकीवर इतका पाहिला आहे की त्यावर थोडं सविस्तर लिहायलाच हवं. आमच्या मराठी घरांत लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीनं नव्या नवरीचं नवं नाव लिहितात. माहेरची कुसुम सासरी सुनंदा होते. सुट्टीवर आलेला जवान लग्न उरकून पलटणीत परततो आणि क्लार्कला कौतुकानं बायकोचं नवं नाव सांगतो. पार्ट टू ऑर्डरमध्ये सुनंदा. इकडे बाईंच्या शाळेच्या दाखल्यावर कुसुम, म्हणून आधारवरही कुसुम. घरात, गल्लीत, हळदीकुंकवाला सगळ्यांची ती सुनंदा वहिनी. वीस-पंचवीस वर्षं कुणाचं काही अडत नाही. मग एक दिवस नवरा जातो आणि फॅमिली पेन्शनच्या अर्जावर सरकारला दोन बायका दिसायला लागतात.

अशीच एक बाई माझ्या खिडकीवर उभी होती. नवरा हवालदार, नुकताच गेलेला. तिच्या पदराआड प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला, लग्नाचा पिवळा पडलेला फोटो. मी दोन नावं दाखवली तर ती म्हणाली, "दोघी मीच आहे हो, साहेब. लश्करात कुणालाही विचारा." लश्करात कुणालाही विचारून चालणार नव्हतं. एका कार्यालयानं प्रतिज्ञापत्र मागितलं, दुसऱ्यानं वर्तमानपत्रातली जाहिरात, तिसऱ्यानं सांगितलं की आधी पहिल्याकडून पत्र आणा. तिचा मुलगा नुकताच बारावी होऊन कॉलेजात गेला होता. त्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज याच नावापायी अडून राहिला. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेतून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलाला महिन्याला २,५०० आणि मुलीला ३,००० रुपये मिळतात. त्या घरात ही रक्कम कॉलेजच्या फीसाठी निर्णायक ठरली असती. शेवटी तिनं तो नाद सोडला आणि शिवणकाम वाढवलं. आता तिला कुणी विचारलं की सरकारी मदत का घेत नाही, तर ती कदाचित म्हणेल, "आम्हाला कुणाचं काही नको." ऐकणारा म्हणेल, बघा, केवढा स्वाभिमान!

स्वाभिमान खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. तो आहे, आणि आमच्या जुन्या घराण्यांत तर पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पण कितीदा तरी तो शेवटी येतो, हेलपाट्यांनी थकल्यावर. दार बंद झाल्यावर माणूस म्हणतो की मला आत जायचंच नव्हतं. निदान एवढी इज्जत त्याच्या हातात राहते. ती त्याच्याकडून काढून घेऊ नये, पण तिच्या आड व्यवस्थेला लपूही देऊ नये.

अपंगत्वाच्या पेन्शनचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. आमच्या गल्लीत तोफखान्यातून निवृत्त झालेले एक नायक राहतात. त्यांच्या घरचा टीव्ही कोपऱ्यापर्यंत ऐकू येतो. बोलतात तेही ओरडून. लोकांना वाटतं माणूस तापट आहे. मी एकदा विचारलं, निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्डापुढे कानाचं सांगितलं नाहीत का? म्हणाले, "काय सांगायचं? घरी जायची घाई होती. आणि शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, लिहून आलं की पुढं सिक्युरिटीची नोकरी लवकर लागते."

यात फौजेची सगळी शिकवण आली. नोकरीत असताना लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीत कमी असल्याचा शेरा, लागली की कोर्स अडतो, बढती अडते, जोडीदार पुढे निघून जातात. म्हणून जवान दुखणं लपवायला शिकतो. गुडघा सुजला तरी पट्टी बांधून परेडला उभा राहतो. सगळी नोकरी लपवलेलं ते दुखणं, शेवटच्या महिन्यात एका बोर्डापुढे त्यानं एकदम उघडं करावं अशी आपली अपेक्षा असते. तिथे 'सब ठीक है साहब' म्हटलं की पुढे प्रत्येक अर्जावर तेच वाक्य त्याच्या विरोधात उभं राहतं. अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली धरलं गेलं तर पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग मिळत नाही. ते 'सेवेमुळे झालेलं किंवा सेवेत वाढलेलं' असायला हवं, आणि कोणतं दुखणं सेवेचं, कोणतं नशिबाचं, यावर वाद सुरू होतो.

सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती तर माणूस निरोगी होता असं धरावं, संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा, सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकू नये. यापेक्षा मोकळ्या शब्दांत काय सांगायचं? तरीही त्यानंतर सैनिकांच्या बाजूनं लागलेल्या निकालांवर सरकारी पक्ष वरच्या कोर्टात जातच राहिला. सशस्त्र दल न्यायाधिकरण २००९ पासून आहे, त्याचं एक पीठ जबलपूरला आहे. ग्वाल्हेरहून जबलपूर म्हणजे रात्रभराचा प्रवास, वर वकील. साठी ओलांडलेला नायक, ज्याला समोरच्याचं नीट ऐकू येत नाही, तो या वाटेला जाईल कसा? जे लढले आणि जिंकले त्यांनाही पुन्हा लढावं लागलं, ही बातमी फौजी वस्तीत लगेच पसरते. ती ऐकून दहा जण अर्जच करत नाहीत. याची नोंद कुठल्याही फाइलमध्ये होत नाही, कारण न केलेल्या अर्जाला आवक क्रमांक नसतो.

ईसीएचएसबद्दल मात्र न्यायानं बोललं पाहिजे. १ एप्रिल २००३ ला सुरू झालेली ही योजना खरंच मोठी आहे. एकदा वर्गणी भरली (हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, जेसीओंना, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांना, ६७,०००) की नवरा-बायको दोघांनाही आयुष्यभर उपचार, आणि अवलंबून असलेल्यांनाही. खासगी विम्यात असं काही मिळत नाही. माझ्या ओळखीत हृदयाचं ऑपरेशन या कार्डावर झालेली आणि आज ठणठणीत असलेली माणसं आहेत. तरी कार्ड कपाटात का राहतं? कारण आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग यादीवरचं रुग्णालय, असा रस्ता आहे. रुग्णालयांची बिलं सरकारकडे तुंबली की ती कार्डवाल्याला 'आज बेड नाही' सांगायला लागतात. एकदा असा अनुभव आला की माणूस शेजारच्या डॉक्टरकडे दोनशे रुपये देऊन मोकळा होतो.

आणि रात्री छातीत कळ आली तर? यादीबाहेरच्या रुग्णालयातही तातडीचा उपचार घेता येतो, मात्र दोन दिवसांत पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं. हा नियम फौजीला माहीत असतो. पण त्या रात्री तो स्वतः स्ट्रेचरवर असतो. कळवायचं असतं त्याच्या बायकोला, आणि तिला आजवर कुणी काही सांगितलेलंच नसतं. आमची सगळी व्यवस्था त्या पुरुषाशीच बोलते. ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी व्यवहार मात्र बाईच्या हातात आलेला असतो. सैनिक कल्याणाची जेवढी म्हणून भाषणं मी ऐकली, त्यांत बायका पहिल्या रांगेत शाल-श्रीफळासाठी बसवलेल्या पाहिल्या. डिस्चार्ज बुक कसं वाचायचं हे त्यांना शिकवताना कधी पाहिलं नाही.

पेन्शनच न मिळालेल्या माजी सैनिकांची अवस्था सगळ्यांत बिकट. पेन्शनला लागणारी वर्षं पुरी होण्याआधी बाहेर पडलेले हे लोक. त्यांतल्या अनेकांना ईसीएचएस नाही. त्यांच्यासाठी सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून, म्हणजे १९४९ पासून दर ७ डिसेंबरला आपण छातीवर झेंडा लावून ज्या डब्यात पैसे टाकतो त्यातून, एक मासिक मदत आहे : वय ६५ च्या वर, हवालदारापर्यंतची रँक, नियमित उत्पन्न नाही, अशांना आणि त्यांच्या विधवांना. ही रक्कम ४,००० होती, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० केली. मुलांच्या शिक्षणाची मदत दरमहा १,००० ची २,००० झाली, मुलीच्या लग्नाची ५०,००० ची १ लाख. सरकारनं हे चांगलं केलं आणि मनापासून चांगलं म्हणायला हवं. पण ज्या माणसाला आपल्याला काहीच उत्पन्न नाही हे कागदावर लिहून, सही करून, दुसऱ्याकडून तपासून घ्यावं लागतं, त्याच्या दृष्टीनं चार हजार आणि आठ हजार यांत फारसा फरक नसतो. ज्याचे आजोबा घोड्यावर बसून या शहरात आले असं घरात सांगितलं जातं, तो आपल्या दारिद्र्याची कैफियत घेऊन कुणाच्या टेबलासमोर उभा राहणार? रक्कम दुप्पट करणं सोपं असतं. मागण्याची रीत बदलणं अवघड.

त्यात टेबलामागे बसलेला असतो निवृत्त अधिकारी. बहुतेक जण सज्जन असतात, मदतीची इच्छा असते. पण समोरचा शिपाई खोलीत शिरताच नकळत सावधान होतो आणि 'काही अडचण?' म्हटलं की 'नाही साहेब' हेच उत्तर तोंडातून निघतं. वीस वर्षांची सवय एका निरोपसमारंभानं सुटत नाही.

मनाच्या दुखण्याबद्दल तर आपण बोलतच नाही. सीमेवर पाहिलेलं, गमावलेला पलटणीतला सोबती, रात्रीचं दचकून उठणं. घरी याला 'त्यांचा स्वभावच तसा आहे' असं नाव मिळतं आणि संध्याकाळच्या पेगवर सगळं ढकललं जातं. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची सेवा २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट आहे, नाव सांगायची सक्ती नाही. तो क्रमांक मी आजवर कुठल्याही फौजी घराच्या भिंतीवर लिहिलेला पाहिला नाही. गॅसवाल्याचा असतो, दूधवाल्याचा असतो.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो आणि तो बँकेत राहिलेल्या माणसाला झटकून टाकता येत नाही. कागद तपासले नाहीत तर खोटे दावे येतील, मेलेल्यांच्या नावे पेन्शन निघेल. खरं आहे, मी अशी प्रकरणं पाहिली आहेत. पैसा जनतेचा आहे, पडताळणी हवीच. माझा प्रश्न एवढाच आहे की सरकारनंच तयार केलेला कागद सरकारलाच दाखवण्यासाठी विधवेनं तीन शहरांत का पाठवावा? माणूस किती वर्षं राहिला, कुठल्या पलटणीत, कुठल्या रुग्णालयात किती दिवस, बायको कोण, मुलं किती, निवृत्त होऊन कुठल्या जिल्ह्यात गेला, हे सगळं त्या फौजेनंच लिहून ठेवलेलं असतं. ज्याच्याकडे माहिती आहे त्यानं पाऊल उचलावं, हा साधा न्याय आहे.

म्हणजे सेवेच्या शेवटच्या वर्षात, क्लार्क अजून हाताशी असताना, जवानाची आणि त्याच्या बायकोची नावं, जन्मतारखा, आधार, सगळं जुळवून दिल्याशिवाय त्याला निरोपच देऊ नये. निरोपाच्या त्या आठवड्यात बायकोलाही बोलवावं. बडाखाना एक दिवसाचा असतो, तिला शिकवायला दोन दिवस काढावेत. दर महिन्याला कोण कुठल्या जिल्ह्यात परतला याची यादी त्या जिल्ह्याच्या कार्यालयाला आपोआप जावी आणि त्या कार्यालयातून पहिला फोन जावा. कल्याण संयोजकांची पदं आहेतच, त्यांचं कामच गावोगाव फिरण्याचं आहे. ती भरावीत, त्यांना दुचाकीचं पेट्रोल द्यावं, आणि त्यांनी घरी जाऊन चहा पिता पिता अर्ज भरून आणावा. अर्ज भरणारा माजी जवान असेल तर समोरचा सावधान उभा राहणार नाही, बसून बोलेल. राज्य सैनिक मंडळांच्या खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा आहे, म्हणून दोघांनाही एकमेकांकडे बोट दाखवायची सोय आहे. ग्वाल्हेरच्या आमदार-खासदारांना आम्ही हे विचारलं पाहिजे. रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल विचारतो तितक्याच हक्कानं.

काही गोष्टी योग्य दिशेनं सरकल्या आहेत. २६ जुलै २०२५ ला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिक मंडळांच्या कार्यालयांतच कायद्याची मोफत मदत मिळावी ही त्यामागची कल्पना आहे. जबलपूरच्या वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसलेल्यांसाठी हे मोलाचं आहे. पण तिथेही तोच प्रश्न. वकील कार्यालयात बसून वाट पाहणार असेल तर आमचे नायक तिथे पोचणार नाहीत.

घाई का, तर आता पुढची लाट येते आहे. चार वर्षांसाठी जवान भरती करणारी अग्निपथ योजना २०२२ ची. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून संपत जातील. त्यांतले जास्तीत जास्त एकचतुर्थांश कायम होतील, बाकीचे सेवानिधीचे, म्हणजे निरोपाच्या वेळच्या एकरकमी रकमेचे, पैसे घेऊन बाविशी-पंचविशीत परततील. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीनही नाही. चंबळच्या या पट्ट्यात अशी मुलं गावागावांत असतील. आजवर निदान कॅन्टीनच्या रांगेत माजी सैनिक एकमेकांना भेटत, 'तुझं स्पर्शचं झालं का रे' असं विचारत. या मुलांना ती रांगही मिळणार नाही. चार वर्षांत एखाद्याचा गुडघा गेला, कान गेला, झोप उडाली, तर तो कुठल्या दारात जाणार, याचं उत्तर आजच तयार असायला हवं. त्यांच्या सेवेच्या अटींचा वाद संसदेत व्हायचा तो होवो. पण जिल्हा कार्यालयानं त्यांची नावं लिहून घ्यायला आणि त्यांच्या घरी एक माणूस पाठवायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.

तोवर आमच्या मराठी मंडळांनी करण्याजोगं काम आहे. गणपतीत दहा दिवस आपण एकत्र येतोच. त्यांतली एक दुपार फौजी घरांसाठी ठेवा. ज्यांच्या घरी निवृत्त सैनिक आहे त्यांनी डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) आणि बायकोचं आधार कार्ड घेऊन यावं. मंडळात एखादा निवृत्त बँकवाला, एखादा वकील, संगणक येणारी दोन पोरं असतातच. बायकोचं नाव तीनही कागदांवर एकच आहे का, तेवढं आधी पाहा. नसेल तर नवरा हयात असतानाच, त्याच्या सहीचं प्रतिज्ञापत्र जोडून, सैनिक कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. आज हे एका अर्जाचं काम आहे. तो गेल्यावर त्या बाईला कितीदा फिरावं लागतं ते मी पाहिलं आहे.